पाळी अनियमित असेल, तर या अभ्यासात तुम्ही नाहीच



पेट, नेट, सेटची तयारी करताना आपण ‘नमुना निवड’ हे प्रकरण पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. आज त्याच प्रकरणाचा एक खरा वापर बघू. विषय आहे कोविडची लस आणि पाळी. नेमकं सांगायचं तर, अनियमित पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असलेल्या मुलीने लस घेतली तर काय होतं, आणि याबद्दल जे संशोधन झालं ते तिला काय सांगतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण हा लेख अर्धवट वाचून कोणी गोळ्या बंद करायला नकोत. लस घेण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत. ब्रिटनमधल्या फॅकल्टी ऑफ सेक्शुअल अँड रिप्रॉडक्टिव्ह हेल्थकेअर या तज्ज्ञ संस्थेने 2021 मध्येच हे सांगितलं होतं. माझा आक्षेप या सल्ल्यावर नाही. सल्ल्याच्या पाठीशी जो पुरावा आहे, असं आपल्याला वाटतं, त्यावर आहे.

प्रश्न कुठून आला?

एप्रिल 2021 मधला तो मेसेज आठवतोय? ‘पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नका, तेव्हा प्रतिकारशक्ती कमी असते.’ डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपपासून महिला डब्यातल्या ग्रुपपर्यंत सगळीकडे तो फिरला. 24 एप्रिलला पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं जाहीर केलं. 1 मेपासून 18 वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली होणार होती. म्हणजे ज्यांची पाळी चालू आहे अशा लाखो मुलींची पाळी (रांगेतली!) येणार, नेमकं त्याच वेळी हा मेसेज आला.

आता मेसेजचं गणित करा. पाच दिवस आधीचे, पाळीचे साधारण पाच आणि नंतरचे पाच. 28 पैकी 15 दिवस गेले. त्या मे महिन्यात कोविनवर स्लॉट उघडायचे आणि काही मिनिटांत संपायचे. लशींचा तुटवडा इतका होता की महाराष्ट्रात 18 ते 44 वयोगटाचं लसीकरण मध्येच थांबवावं लागलं. अशा वेळी अर्धा महिना सोडून देणं म्हणजे डोसच सोडून देणं.

पण जिची पाळी अनियमितच आहे तिने काय करायचं? पुढची पाळी कधी येणार हेच माहीत नाही, तर ‘पाच दिवस आधी’ कसे मोजणार? तो नियम पाळणं तिला शक्यच नव्हतं. त्यामुळे तिचा प्रश्न वेगळा झाला: ‘मला पीसीओडी आहे, डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्यात, मी लस घेऊ का, की आधी गोळ्या बंद करू?’

ही काही दुर्मीळ मुलगी नाही. परळच्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या 15 ते 24 वयाच्या मुलींचा अभ्यास केला होता, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. पीसीओएसचं प्रमाण रॉटरडॅम निकषाने 22.5 टक्के आणि अँड्रोजन एक्सेस सोसायटीच्या निकषाने 10.7 टक्के आलं. मुली त्याच, निकष बदलला आणि आकडा निम्म्यावर. (व्याख्या किती महत्त्वाची, हे यातून लक्षात ठेवा. पुढे लागेल.) कुठलाही आकडा घेतला तरी दहात किमान एक. ठाण्याच्या कुठल्याही कॉलेजच्या वर्गात अशा चार-पाच जणी सहज निघतील.

पेपर काय म्हणतो

जानेवारी 2022 मध्ये ‘ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी’ या जर्नलमध्ये ऑरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅलिसन एडेलमन आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. याच्या आधी, ऑगस्ट 2021 मध्ये, अमेरिकेच्या एनआयएचने या विषयावर पाच संस्थांना मिळून 16 लाख 70 हजार डॉलर दिले होते. ऑरेगन त्यातली एक.

डेटा ‘नॅचरल सायकल्स’ या अ‍ॅपचा. 3,959 अमेरिकी स्त्रिया, त्यातल्या 2,403 लस घेतलेल्या आणि 1,556 न घेतलेल्या. लसीआधीची तीन चक्रं घेतली, त्यांची सरासरी काढली आणि लस घेतलेलं चक्र त्याच्याशी ताडून पाहिलं. निकाल: पहिल्या डोसच्या चक्राची लांबी 0.71 दिवसाने वाढली, दुसऱ्याच्या 0.91 दिवसाने. रक्तस्राव किती दिवस चालला, यात फरक नाही. एकाच चक्रात दोन्ही डोस झाले, त्यांच्यात वाढ दोन दिवसांच्या वर.

सप्टेंबर 2022 मध्ये ‘बीएमजे मेडिसिन’मध्ये याच गटाचा मोठा, अनेक देशांचा अभ्यास आला. 19,622 स्त्रिया. पहिल्या डोसला 0.71, दुसऱ्याला 0.56 दिवस. एकाच चक्रात दोन्ही डोस असतील तर 3.70 दिवस. आठ दिवस किंवा त्याहून जास्त फरक पडलेल्या स्त्रिया लसवाल्यांत 6.2 टक्के, बिनलसवाल्यांत 5 टक्के.

या कामाचं श्रेय आधी देऊ. लसीच्या मोठ्या चाचण्यांमध्ये पाळीची नोंद हा निष्पत्तीचा भाग नव्हता. शेवटची पाळी कधी आली हे विचारायचे ते गरोदरपण तपासायला. हजारो बायका ‘आमची पाळी लांबली’ म्हणत होत्या आणि त्यांना ‘ताण असेल’ असं उत्तर मिळत होतं. एडेलमन यांच्या गटाने आधीपासून रोज नोंदवलेला डेटा वापरला, तुलनेसाठी बिनलसवाला गट ठेवला आणि सांगितलं की बदल खरा आहे, छोटा आहे, आणि तो टिकत नाही. आठवणीवर विसंबलं नाही, ही याची सगळ्यात मोठी ताकद.

आता ‘कोणाला वगळलं’ तो परिच्छेद वाचा

पेपर वाचताना आपण सारांश वाचतो, मग थेट निष्कर्षावर उडी मारतो. मी म्हणेन, सारांशानंतर सगळ्यात आधी ‘समावेश आणि वगळणूक’ वाचा. 2022 च्या त्या पहिल्या पेपरमध्ये कोण आहे? वय 18 ते 45, चक्राची सरासरी लांबी 24 ते 38 दिवस, आणि हार्मोनल गर्भनिरोधक चालू नाही.

म्हणजे ज्यांची पाळी नियमित आहे आणि ज्या गोळ्या घेत नाहीत, त्यांचा हा अभ्यास. पीसीओडी असून जिची पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, ती बाहेर. गोळ्या घेऊन जिची पाळी आता 28 दिवसांनी येते, तीही बाहेर. ज्या मुलीने सगळ्यात काळजीने प्रश्न विचारला होता, तिला दोन्ही दारांनी बाहेर ठेवलं.

संशोधक म्हणून त्यांनी हे का केलं, ते समजून घ्या. एका दिवसाचा फरक पकडायचा असेल तर पार्श्वभूमीचा गोंगाट कमी हवा. जिचं चक्र एरवीच 30 ते 60 दिवसांत हेलकावे खातं, तिच्यात एक दिवस सापडणारच नाही. अंतर्गत वैधतेसाठी हा निर्णय योग्य होता. किंमत मोजली ती बाह्य वैधतेने. पुस्तकातली व्याख्या ही अशी प्रत्यक्षात दिसते.

चूक पुढे होते. पेपरचा निकाल बातमीत येतो तेव्हा ‘नियमित पाळी असणाऱ्या, गोळ्या न घेणाऱ्या’ हे विशेषण गळून पडतं. उरतं ‘लसीमुळे पाळी एखाद्या दिवसाने लांबते’. आणि मग 45 दिवस पाळी न आलेल्या मुलीला कोणीतरी हाच आकडा ऐकवतं. तिला वाटतं, आपल्यातच काहीतरी बिघडलंय.

शिवाय अ‍ॅप वापरणारा वर्ग बघा. रोज सकाळी तापमान घेऊन नोंद करणाऱ्या, बहुतांश गोऱ्या, पदवीधर, आणि सरासरीहून कमी वजनाच्या अमेरिकी स्त्रिया. मोठ्या अभ्यासातही बहुतेक लशी फायझर आणि मॉडर्नाच्या, अ‍ॅस्ट्राझेनेका दहा टक्क्यांहून कमी. आपल्याकडे रुक्मिणीबाई किंवा शास्त्रीनगर रुग्णालयात रांग लावून लोकांनी घेतली ती कोव्हिशील्ड, म्हणजे अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच लस, नाहीतर कोव्हॅक्सिन. कोव्हॅक्सिनबद्दल या निकालावरून काहीच बोलता येत नाही.

डोंबिवलीच्या फलाटावरचं गणित

आता जरा मजेशीर भाग. कागद-पेन घ्या.

समजा फलाटावर लोकल सरासरी दर सहा मिनिटांनी येतात, पण कधी अंतर दोन मिनिटांचं, कधी दहाचं. तुम्ही घड्याळ न बघता कधीही फलाटावर पोचलात. तुम्ही कोणत्या अंतरात सापडाल? दोन मिनिटांच्या फटीत सापडण्यापेक्षा दहा मिनिटांच्या फटीत सापडण्याची शक्यता पाचपट, कारण ती फट मोठी आहे. म्हणून प्रवाशाला नेहमी वाटतं, ‘मी आलो की गाडी उशिराच.’ हा नशिबाचा भाग नाही, सांख्यिकीचा आहे. याला लांबीचा पूर्वग्रह म्हणू.

आता लोकलच्या जागी पाळी ठेवा आणि फलाटावर पोचण्याच्या जागी लसीचा स्लॉट. स्लॉट मिळाला ती तारीख चक्राच्या दृष्टीने कुठलीही असते. मग ती तारीख छोट्या चक्रापेक्षा लांब चक्रात पडण्याची शक्यता जास्त. म्हणजे लसीने काहीही केलं नाही तरी ‘लसीचं चक्र’ सरासरीपेक्षा थोडं लांबच दिसणार. किती लांब? प्रमाण विचलनाचा वर्ग भागिले सरासरी.

आकडे घालू. हे माझे गृहीत आकडे आहेत, पेपरचे नाहीत. नियमित पाळीच्या बाईचं चक्र सरासरी 29 दिवस, विचलन 2.5 दिवस. 6.25 भागिले 29, उत्तर साधारण 0.2 दिवस. पेपरचा परिणाम 0.71. म्हणजे त्यातला थोडा वाटा या पूर्वग्रहाचा असू शकतो, पण सगळा नाही. बिनलसवाल्या गटात ‘लसीचं चक्र’ म्हणून मोजणीने चौथं चक्र धरलं होतं, तारखेने निवडलेलं नव्हतं. त्यामुळे तुलना करूनही हा पूर्वग्रह आपोआप कटत नाही.

आता आपल्या मुलीचं चक्र घ्या. सरासरी 40 दिवस, विचलन 10 दिवस. 100 भागिले 40, म्हणजे अडीच दिवस! लसीचा परिणाम शून्य धरला तरी तिचं लसीचं चक्र सरासरीने अडीच दिवस लांब दिसणार. ‘लस घेतली आणि पाळी लांबली’ हा तिचा अनुभव शंभर टक्के खरा असेल. त्यावरून काढलेलं कारण मात्र चुकीचं असू शकतं. अनुभव आणि कारण यांच्यातलं हे अंतर ओळखणं, हेच तर आपलं काम.

‘एकाच चक्रात दोन्ही डोस’ हा ठळक निकालही याच नजरेने बघा. फायझरचे डोस 21 दिवसांच्या अंतराने. 28 दिवसांच्या चक्रात दोन्ही बसायचे तर पहिला डोस पहिल्या सात दिवसांतच हवा. 35 दिवसांच्या चक्रात चौदा दिवस मिळतात, म्हणजे संधी दुप्पट. या गटात लांब चक्रं आपोआप जास्त गोळा होतात. 3.70 दिवसांतला काही भाग यातून येत असणार. सगळा नाही, कारण या स्त्रियांचा पहिला डोस चक्राच्या सुरुवातीला, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी झालेला असतो आणि तेव्हा खरा परिणाम जास्त असण्याला आधार आहे. अ‍ॅपल विमेन्स हेल्थ स्टडीमध्येही वाढ मुख्यतः चक्राच्या पूर्वार्धात लस घेतलेल्यांत दिसली.

आणि इथे? 13 मे 2021 पासून कोव्हिशील्डच्या डोसांत 12 ते 16 आठवड्यांचं अंतर आलं. 84 दिवस! नियमित पाळीच्या बाईला एका चक्रात दोन डोस बसणं अशक्य. ते शक्य होतं फक्त जिला तीन-तीन महिने पाळी येत नाही तिलाच. म्हणजे पेपरचा सगळ्यात गाजलेला आकडा ठाणे जिल्ह्यातल्या बहुतेकींना लागूच होत नाही, आणि जिला होऊ शकला असता ती अभ्यासात नाही.

गोळ्या चालू असताना ‘पाळी’ म्हणजे काय?

समजा उद्या कोणी म्हणालं, ठीक आहे, गोळ्यावाल्यांनाही घेऊ. तेवढ्याने भागेल?

नाही. गर्भनिरोधक गोळ्यांचं 21 चं पाकीट चालू असताना स्त्रीबीज सहसा बाहेर पडतच नाही. पाकीट संपल्यावर सात दिवसांच्या सुट्टीत जो रक्तस्राव होतो तो औषध थांबल्यामुळे. त्याची तारीख पाकीट ठरवतं, अंडाशय नाही. मग ‘चक्राची लांबी’ मोजून आपण काय मोजलं? गोळ्यांचं पाकीट! लसीमुळे काही होत असेल तर ते मधल्याच दिवशी डाग पडणं किंवा नेहमीपेक्षा जास्त जाणं, असं दिसेल. मापनाची वैधता म्हणतात ती हीच: साधन तेच, पण गट बदलल्यावर ते वेगळीच गोष्ट मोजायला लागतं.

‘हार्मोनच्या गोळ्या’ हा शब्दही गोंधळाचा. पाळी आणण्यासाठी दहा दिवस दिलेलं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र असलेलं पाकीट, पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉन, थायरॉइडची गोळी, या सगळ्यांना घरात ‘हार्मोनची गोळी’च म्हणतात. पीसीओडीसाठी दिलेली मेटफॉर्मिनही त्यात जाते, जी हार्मोन नाहीच. कोणी ‘स्टेरॉइड’ ऐकून घाबरतं. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या मोठ्या डोसाने लसीचा प्रतिसाद कमी होऊ शकतो, हे खरं. पाळीच्या गोळ्यांना ते लागू होत नाही. एचपीव्हीच्या गार्डासिल लसीच्या चाचण्यांत हार्मोनल गर्भनिरोधक घेणाऱ्या तरुणी मोठ्या संख्येने होत्या, आणि गोळ्यांमुळे प्रतिसाद कमी झाल्याचं दिसलं नाही, असं तिच्या माहितीपत्रकातच लिहिलंय.

71 टक्के की उलट?

गोळ्यावाल्यांबद्दल मग डेटा नाहीच का? आहे. दोन अभ्यास शेजारी ठेवू.

पहिला, जुलै 2022, ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’, कॅथरिन ली, कॅथरिन क्लॅन्सी आणि सहकारी. ऑनलाइन प्रश्नावली, 39 हजारांवर उत्तरं. नियमित पाळी असलेल्यांपैकी 42 टक्क्यांनी जास्त रक्तस्राव झाल्याचं सांगितलं, 44 टक्क्यांनी काही फरक नाही म्हटलं. हार्मोनची तांबी किंवा इम्प्लांट अशा दीर्घकाळच्या साधनांमुळे ज्यांची पाळी एरवी बंद असते, त्यांतल्या 71 टक्क्यांना मध्येच रक्तस्राव झाला.

दुसरा, 2023, ‘आयसायन्स’, अलेक्झांड्रा अल्व्हर्न, व्हिक्टोरिया मेल आणि सहकारी. ब्रिटनमधल्या 4,989 लस घेतलेल्या स्त्रिया. 82 टक्के म्हणाल्या, काही बदल नाही. आणि एकत्रित हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये बदल सांगण्याची शक्यता उलट कमी.

एक म्हणतो हार्मोनवाल्यांना जास्त त्रास, दुसरा म्हणतो कमी. कोण खोटं? कोणीच नाही. पहिल्यातला गट पाळीच न येणारा, तिथे एक डाग पडला तरी ‘बदल’. दुसऱ्यातला गट पाकिटाच्या वेळापत्रकावर चालणारा. औषधं वेगळी, मोजलेली गोष्ट वेगळी. शिवाय पहिल्या प्रश्नावलीला उत्तर द्यायला कोण पुढे येईल? जिला काहीतरी झालंय ती. त्या लेखकांनी स्वतःच बजावलं होतं की हे आकडे समाजातलं प्रमाण म्हणून वापरू नका. बातम्यांनी वापरले.

तुलनेचा गट का लागतो, तेही बघा. नॉर्वेतल्या 18 ते 30 वयाच्या तरुणींच्या अभ्यासात लसीआधीच्या चक्रातच एक तृतीयांशाहून जास्त जणींनी पाळीत काहीतरी गडबड सांगितली होती. तरीही लसीनंतर जास्त रक्तस्राव होण्याची जोखीम वाढलेली सापडली, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या समितीने फायझर आणि मॉडर्नाच्या माहितीपत्रकात ‘जास्त रक्तस्राव’ हा दुष्परिणाम घालायची शिफारस केली. म्हणजे ‘सगळं मनाचे खेळ’ हेही चूक आणि ‘लसीने पाळी बिघडवली’ हेही चूक.

गुठळ्यांची ती तुलना

अजून एक फसवं गणित. कोव्हिशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा उत्तरादाखल चित्रं फिरली: ‘गर्भनिरोधक गोळ्यांनी लसीपेक्षा कितीतरी जास्त गुठळ्या होतात, मग गोळी चालते आणि लस नाही?’

आकडे खोटे नव्हते. एकत्रित गोळ्यांवर वर्षाला दहा हजारांत साधारण 5 ते 12 जणींना शिरेत गुठळी होते, गोळी न घेणाऱ्यांत दोघींना. भारताच्या एईएफआय समितीने मे 2021 मध्ये कोव्हिशील्डसाठी दर दहा लाख डोसांमागे 0.61 अशी नोंद दिली, ब्रिटनची तेव्हा 4 होती. पण एक आकडा दर वर्षाचा, दुसरा दर डोसाचा. एक आजार बहुधा पायाच्या शिरेतला, दुसरा प्लेटलेट कमी होऊन मेंदूतल्या शिरेतही होणारा आणि फार जास्त जीवघेणा. यंत्रणाही वेगळी: लसीनंतरच्या त्या आजारात प्लेटलेट फॅक्टर 4 विरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, इस्ट्रोजेनचा तिथे तसा हात नाही. शिवाय 4 आणि 0.61 यांतला फरक खरोखर आजाराचा की नोंदी कमी झाल्याचा, हेही एवढ्यावरून ठरत नाही.

लोकांना धीर देण्यासाठी केलेल्या त्या तुलनेचा उलटा परिणाम काय झाला असेल, विचार करा. गोळीवरची मुलगी वाचते: गोळीनेही गुठळी, लसीनेही गुठळी. ती दोन्हींची बेरीज करते आणि लसीआधी गोळी बंद करते. पाकीट अर्धवट सुटलं की दोन-चार दिवसांत अंगावर जायला लागतं. तोपर्यंत लस घेऊन झालेली असते. दोष कोणावर जातो? लसीवर! अफवेमुळे औषध थांबलं, औषध थांबल्यामुळे रक्तस्राव झाला, आणि डेटात तो ‘लसीनंतरचा रक्तस्राव’ म्हणून नोंदला गेला. ‘गोळ्या चालू आहेत का’ एवढंच विचारणारी प्रश्नावली हे कधीच पकडणार नाही. ‘लसीच्या आठवड्यात गोळी चुकवली का, थांबवली का’ हे विचारायला हवं.

आपल्याकडे तर आणखी एक घटक आहे. 2021 मध्ये गणेश चतुर्थी 10 सप्टेंबरला होती आणि 17 सप्टेंबरला देशात एका दिवसात अडीच कोटी डोस दिले गेले. गौरी-गणपतीला पाळी नको म्हणून गोळी घेणाऱ्या बायका आणि त्याच पंधरवड्यात लस घेणाऱ्या बायका, यांत किती जणी एकच असतील? ऑरेगनमध्ये बसून हा गोंधळ घालणारा घटक सुचणार नाही. तुम्हाला सुचला पाहिजे.

तुम्ही केलात तर कसा कराल?

कल्याण-डोंबिवलीत असा अभ्यास करायचा झाला, तर माझा आराखडा असा.

1. चक्र हे एकक सोडा, दिवस घ्या. लसीनंतरच्या 28 दिवसांत किती दिवस अंगावर गेलं, आणि त्याच बाईच्या आधीच्या 28-28 दिवसांच्या तीन खिडक्यांत किती दिवस. खिडकी सगळ्यांना सारखी, त्यामुळे लोकलवाला पूर्वग्रह उरत नाही. अनियमित पाळी आणि पाकीटवाल्या, दोघीही यात बसतात.

2. नोंद आधीची शोधा. अ‍ॅप नसेल, पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर गोल केलेली तारीख असते. ती लसीच्या आधी केलेली खूण आहे, म्हणून आठवणीपेक्षा विश्वासाची.

3. ‘जास्त गेलं का’ असं मोघम विचारू नका. पॅड किती आणि किती भिजले, हे चित्रावरून गुण देऊन मोजायची पद्धत 1990 पासून आहे. ती वापरा.

4. औषधाचं पाकीट बघा, नाव आणि तारखा लिहा. ‘हार्मोनची गोळी: हो/नाही’ हा रकाना फाडून टाका. पीसीओडीचं निदान कोणत्या निकषाने, तेही लिहा.

5. भाषा. ‘मासिक धर्मात अनियमितता जाणवली का?’ याला कोणीही ‘नाही’ म्हणेल. ‘अडचण’, ‘बाजूला’, ‘अंगावर जाणं’, ‘डाग’ हे शब्द प्रश्नावलीत हवेत आणि पूर्वचाचणी कॉलेजच्या मुलींसोबतच घरकाम करणाऱ्या मावशींसोबतही हवी.

यातलं काहीही महागडं नाही. पण कोविनच्या नोंदीत पाळीचा रकाना नव्हता, औषधाचा नव्हता. कोट्यवधी डोसांची तारीखवार नोंद असूनही या प्रश्नाला तिचा उपयोग झाला नाही.

कोविड संपला, मग कशाला?

कारण हा प्रश्न पुन्हा येणार आहे. पुण्याच्या सीरमची एचपीव्ही लस बाजारात आहे आणि ही लस मुख्यतः 9 ते 14 वयात द्यायची. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती अनियमितच असते. म्हणजे लस आणि अनियमित पाळी एकाच वयात येणार, आणि कोणीतरी दोन्हींची सांगड घालणार.

जपानमध्ये हे होऊन गेलंय. 2013 मध्ये दुष्परिणामांच्या तक्रारींनंतर सरकारने एचपीव्ही लसीची शिफारस थांबवली. सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण एक टक्क्याखाली आलं. नागोया शहराने सुमारे तीस हजार मुलींना 24 लक्षणांबद्दल विचारलं, त्यात अनियमित पाळी आणि जास्त रक्तस्रावही होता. लसीशी संबंध सापडला नाही. तो पेपर 2018 मध्ये आला. शिफारस पूर्ववत झाली एप्रिल 2022 मध्ये. नऊ वर्षं. त्या मुली आता तरुण स्त्रिया आहेत, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून त्यांतल्या बहुतेकींना वेळेवर संरक्षण मिळालं नाही.

म्हणून एडेलमन यांच्या पेपरवर माझं मत असं: ज्या स्त्रियांचा अभ्यास केला त्यांच्यापुरतं हे प्रामाणिक आणि काळजीपूर्वक काम आहे. 0.71 हा आकडा मी थोडा कमी धरून वाचेन, ‘एका चक्रात दोन डोस’ बराच सावधपणे. आणि अनियमित पाळीवर औषध घेणाऱ्या मुलीला हा आकडा अजिबात सांगणार नाही. तिला सांगेन: लस घे, गोळी चुकवू नकोस, पुढच्या महिन्यात थोडं मागेपुढे झालं तर घाबरू नकोस. दर तासाला पॅड बदलावा लागला, किंवा पाळी बंद झाल्यानंतरच्या वयात कोणाला रक्तस्राव झाला, तर मात्र डॉक्टरांकडे जायचं. लसीनंतर आठवडा-दोन आठवड्यांत असह्य डोकेदुखी, धाप किंवा पायाला सूज आली तर त्याच दिवशी.

तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयातला, सगळेजण संदर्भ देतात असा एक पेपर काढा. निष्कर्ष झाका. फक्त कोणाला वगळलं ते वाचा आणि वगळलेल्या माणसाचं एका वाक्यात वर्णन लिहा: वय, गाव, औषध, अडचण. मग निष्कर्ष उघडा आणि तो त्या माणसाला वाचून दाखवताय अशी कल्पना करा. जिथे तुम्हाला अडखळायला होईल, तिथे तुमचा संशोधन प्रश्न सापडण्याची शक्यता आहे.